सोलापूर : ख्रिस्ती धर्मनिष्ठा

अमेरिकन मराठी मिशनने (मुंबई, १८१३) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरास ठाणे केले, तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेचे व पंढरीच्या वारीचे संस्कार मुरलेल्या या मुलखात बाप्तिस्मा घेणे म्हणजे रोटीबेटीचा व्यवहार व जातपंचायतीचा आधार यांस एकाच दिवशी मुकणे होते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क अबाधित राखला खरा, परंतु आप्तांनी मिटलेला दरवाजा सरकारी हुकमाने उघडत नसे. अशा एकाकी माणसास उपासनेसाठी परकी चाल पुरणारी नव्हती. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (मृत्यू १९१९) अभंग, ओवी व कीर्तन ख्रिस्तचरणी वाहिले; वारकऱ्यांची वाणी न सोडता ख्रिस्ताचे होता येते, हा त्यांनी दिलेला धीर मराठी मंडळ्यांस, आमच्या मते, कोणत्याही शाळा-दवाखान्याहून मोलाचा ठरला. ‘ज्ञानोदय’ (१८४२) या नियतकालिकाने विखुरलेल्या कुटुंबांस एकमेकांशी जोडले. मात्र पावित्र्याची खरी कसोटी घरातच लागे : लग्नाच्या वेळी जुनी जात पुन्हा डोके वर काढी, आणि तिला नकार देणे हे मूर्तिपूजा सोडण्याहून कठीण होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती दलितांस नाकारल्या. तरीही अनेक कुटुंबांनी कागदोपत्री आपला ख्रिस्ती धर्म बदलला नाही.