मॅकियाव्हेलीवृत्तीचे मापन : स्वयं-अहवाल आणि त्याच्या मर्यादा

जो मनुष्य इतरांना सहज फसवू शकतो, तो प्रश्नावली भरतानाच प्रामाणिक का राहील? कावेबाज वृत्तीच्या मापनाचा इतिहास हा बहुतांशी या एका प्रश्नाशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

1950 मध्ये अडोर्नो व सहकाऱ्यांचा हुकूमशाही व्यक्तिमत्त्वावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील संशोधनाचा रोख मुख्यतः आज्ञा पाळणाऱ्या मनावर होता. त्या मनाला वळवणाऱ्यांचे काय, याचे कुतूहल कोलंबिया विद्यापीठाचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ख्रिस्ती यांना होते. 1954-55 मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभ्यासकेंद्रात असताना त्यांनी सत्तानीतीवरील जुने ग्रंथ वाचले. त्यांत मॅकियाव्हेलीबरोबर चीनचा शांग यांग होता आणि कौटिल्यही होता. मापनीला नाव मात्र फ्लॉरेन्सच्या लेखकाचे मिळाले.

या वाचनातून सुरुवातीस 71 विधाने तयार झाली. त्यांतून ‘मॅक-4’ या मापनीसाठी 20 निवडली गेली. 10 वृत्तीला अनुकूल, 10 प्रतिकूल. सात बिंदूंच्या श्रेणीवरील गुणांच्या बेरजेत 20 मिळवले जात, त्यामुळे गुणांक 40 ते 160 आणि मध्यबिंदू 100. खरी युक्ती विधानांच्या रचनेत होती. ‘तुम्ही फसवता का?’ असे सरळ विचारणे त्यांत जवळजवळ नाहीच. माणसे कशी असतात, त्यांच्याशी कसे वागणे शहाणपणाचे, एवढेच विचारले आहे. जगाविषयी मत देताना मनुष्य नकळत स्वतःविषयीही सांगतो, हे त्यामागील गृहीतक होय. पितृवियोग आणि वित्तनाश यांची तुलना करणारे एक विधान तर ‘द प्रिन्स’मधून, म्हणजे 1513 च्या सुमारास लिहिलेल्या मजकुरातून, जवळजवळ जसेच्या तसे आले आहे. दुसऱ्या एका विधानात बार्नम या अमेरिकन तमाशेवाल्याच्या नावे प्रसिद्ध असलेली उक्ती चुकीची ठरवली आहे. ज्याला बार्नम ठाऊक नाही अशा प्रतिसादकाच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा? परकीय मापनीचे मराठी रूपांतर करणाऱ्याने येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे.

ही युक्तीही पुरेशी ठरली नाही. समाजाला रुचेल तेच उत्तर देण्याचा कल गुणांकात शिरतो, हे लक्षात आल्यावर ‘मॅक-5’ तयार झाली. तीत तीन-तीन विधानांच्या संचातून स्वतःस सर्वाधिक व सर्वांत कमी लागू पडणारे विधान निवडावे लागे. मापनाचे विधान आणि सारखेच इष्ट वा अनिष्ट वाटणारे दुसरे विधान शेजारी ठेवलेले असे. उपाय चतुर होता, परंतु विश्वसनीयता घटली आणि संशोधक मोठ्या संख्येने ‘मॅक-4’कडेच वळले.

ख्रिस्ती व फ्लॉरेन्स गाइस यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात मापनीला प्रयोगांची जोड दिली, हे त्यांचे मोठेपण. एका खेळात तिघांसमोर दहा डॉलर ठेवले जात. कोणत्याही दोघांनी वाटणी ठरवायची, तिसरा रिकाम्या हाताने उठे. उच्च गुणांकाच्या खेळाडूंनी सरासरीने निम्म्याहून अधिक रक्कम मिळवली. याच ग्रंथातील एक्सलाइन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात संशोधकाच्या साथीदाराने सहभागींना लबाडीत ओढले. पुढे विचारणा झाली तेव्हा उच्च गुणांकाचे सहभागी नजरेला नजर अधिक वेळ भिडवून ती नाकारत राहिले. प्रश्नावलीचे उत्तर तेवढे खरे निघाले होते. अर्थात, त्या उत्तरावर प्रतिसादकाचे काही अवलंबून नव्हते, हे विसरता येत नाही.

2002 मध्ये पॉलहस व विल्यम्स यांनी ही वृत्ती आत्मप्रीती व मनोविकृतीसदृश वृत्तीसह ‘काळ्या त्रयी’त मांडली. 2010 मध्ये या तिन्हींसाठी अवघ्या 12 विधानांची मापनी आली. तीत प्रतिसादकास स्वतःच्या लबाडीविषयी थेटच विचारले जाते. ख्रिस्तींनी टाळलेला रस्ता तो हाच. निनावी संशोधनात तो चालूनही जाईल. नोकरीच्या निवडीत असा गुणांक वापरणे मात्र समर्थनीय नाही, कारण ज्याला पकडायचे तोच उत्तर सजवण्यात सर्वांत निष्णात असण्याची शक्यता अधिक.

कौटिल्याने अमात्यांना काही विचारलेच नव्हते. धर्म, अर्थ, काम व भय अशा चार ‘उपधा’ म्हणजे गुप्त प्रलोभने सांगून जो ज्या परीक्षेत शुद्ध ठरेल त्याला तद्नुरूप काम द्यावे, अशी व्यवस्था तो देतो. अर्थोपधेत शुद्ध ठरलेला कोशाच्या कामी, चारहींत उतरलेला मंत्रिपदी, चारहींत नापास झालेला खाणी, अरण्ये व कारखान्यांकडे. चार परीक्षांची बेरीज तो करीत नाही. शिवाय राजाने स्वतःला किंवा राणीला या परीक्षेचे लक्ष्य करू नये आणि निर्दोष मनाला परीक्षेनेच दूषित करू नये, असेही तो बजावतो. एक्सलाइन यांच्या प्रयोगातील त्या साथीदाराविषयी कौटिल्याने हीच शंका काढली असती.