जोडीदार उभा होता, तरी फोन मुके झाले

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण विषय तुमच्या-माझ्या जिवाचा आहे.

हेल्पलाइनचं किंवा दवाखान्याच्या नव्या फोनयंत्रणेचं उद्घाटन झालं की आम्हा पत्रकारांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, 'बॅकअपची सोय केलेली आहे.' मीही ते कितीदा तरी छापलंय. आता मात्र पुढचा प्रश्न विचारतो. का विचारतो, त्यासाठी थोडा इतिहास.

१९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सुकासुन्ना या गावात बेल कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. उद्दिष्ट काय होतं? ४० वर्षांत सगळं मिळून फक्त दोन तास बंद! म्हणून त्याला मेंदूच दोन दिले. एक अडला की दुसऱ्यानं काम उचलायचं.

आता २५ वर्षं पुढे या. १५ जानेवारी १९९०, सोमवार. दुपारी अडीचच्या सुमारास एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. नियमाप्रमाणे तो काही सेकंद बाजूला झाला, सावरला आणि 'मी परत आलो' असं शेजारच्या स्विचना कळवू लागला. इथपर्यंत सगळं ठीक.

पण महिनाभरापूर्वी, निरोप जलद पोचावेत म्हणून, या स्विचमध्ये नवं सॉफ्टवेअर भरलं होतं. त्यात 'ब्रेक' ही एक सूचना चुकीच्या जागी पडली होती. दोन निरोप अगदी पाठोपाठ आले की शेजारच्या स्विचची नोंद बिघडायची. मग तोही स्वतःला सावरायला बाजूला व्हायचा. त्याचा राखीव जोडीदार पुढे यायचा, पण त्याच्या पोटातही तेच सॉफ्टवेअर! तोही पडायचा. सावरून परत आलेला प्रत्येक स्विच शेजाऱ्याला पाडत होता. असे ११४ स्विच. सुमारे नऊ तास हा खेळ चालला आणि त्या काळात जवळपास निम्मे कॉल लागलेच नाहीत. निरोपांचा भार कमी केला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणजे बॅकअप नव्हता असं नाही. बॅकअप होता, चूकही दोन्हीकडे तीच होती.

आज आवाजसुद्धा कॉम्प्युटरच्या नेटवर्कमधूनच जातो. दोन सर्व्हर, दोघांत मिळून एक पत्ता. पहिला पडला की दुसरा तो पत्ता घेतो आणि ओरडून सांगतो, 'आता हा माझ्याकडे!' ही हाक मधल्या नेटवर्क स्विचनं ऐकायला हवी, नाहीतर तो कॉल मेलेल्या सर्व्हरकडेच ढकलत राहतो.

यातही एक जुनी गोष्ट आडवी येते. १९८५ च्या सुमारास राडिया पर्लमन या संशोधक बाईंनी नियम बसवला, की दोन स्विचमध्ये दोन वाटा असतील तर एक बंद ठेवायची, म्हणजे निरोप गोल गोल फिरत बसणार नाहीत. नियम उत्तमच. पण जुन्या पद्धतीत नव्यानं जोडलेलं पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद लागतात. ईमेलला ते चालतं. 'साप चावलाय, गाडी पाठवा' म्हणणाऱ्याला कसं चालेल? २००१ मध्ये वेगवान पद्धत आली. पण स्विचचं सेटिंग जुनंच ठेवलं असेल तर तिचा उपयोग काय?

मी एका कार्यालयात डोळ्यांनी पाहिलंय. दोन सर्व्हर, दोघांच्या केबल एकाच स्विचमध्ये, आणि तो स्विच एकाच प्लगवर. वायरमननं बटण बंद केलं आणि दोघं एकदम झोपले. कागदावर 'बॅकअपची सोय' होतीच!

म्हणून उद्घाटनाला गेलात तर नारळ फुटल्यावर एवढं विचारा. दोन्ही सर्व्हर वेगवेगळ्या स्विचवर आहेत का? त्या स्विचची वीज वेगळी आहे का? नवं सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकदमच भरता, की आधी एकीकडे भरून बघता? आणि शेवटचं, चालू कॉलवर मुख्य सर्व्हरची केबल उपटून कधी पाहिलीय का? तारीख सांगा.

तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय जुनी आहे. इथे तर विहीर खणून झालीय, पैसेही दिलेत. पाणी लागलंय का, एवढंच वाकून बघायचंय. तुमच्या गावात कुणी तारीख सांगितली तर मला जरूर कळवा. ती बातमी मी आनंदानं छापेन.