सिंह पाहून परतलेले

रामकृष्ण परमहंसांना एकदा कलकत्त्याच्या चिडियाखान्यात नेले होते. ही हकीकत त्यांनी स्वतःच भक्तांना सांगितली आणि महेंद्रनाथ गुप्तांनी ती ‘कथामृता’त टिपून ठेवली. हकीकत चार ओळींचीच आहे. सिंह दिसला, सिंह म्हणजे जगदंबेचे वाहन, वाहन दिसल्याबरोबर आईची आठवण झाली आणि रामकृष्णांना समाधी लागली. मग बाकीचे प्राणी पाहणार कोण? सिंह तेवढा पाहून मंडळी परत आली.

भक्त हा उतारा भक्तीचा म्हणून वाचतात आणि त्यात चूक काही नाही. मला मात्र तो अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा कागद वाटतो. ही बाग १ जानेवारी १८७६ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते सुरू झाली आणि रामकृष्ण १८८६ मध्ये गेले. म्हणजे ही भेट त्या बागेच्या पहिल्या दहा वर्षांतली. बाग काढणाऱ्यांनी काय योजले होते हे सरकारी दप्तरात सापडते. पाहायला आलेल्याने तिथे काय पाहिले, हे इतक्या थेटपणे सांगणारी साक्ष क्वचितच हाती लागते.

शब्दापासूनच पाहू. बंगालीत ‘चिडियाखाना’, हिंदीत ‘चिडियाघर’. दोन्हींत मूळचे घर पक्ष्यांचे, वाघ-सिंह त्यात मागाहून राहायला आले. कलकत्त्याचे लोक वस्तुसंग्रहालयाला ‘जादूघर’ म्हणतात. मराठीने ‘वस्तुसंग्रहालय’ आणि ‘प्राणिसंग्रहालय’ असे दोन भरभक्कम संस्कृत शब्द घडवले आणि दोन्ही एकाच साच्यातून काढले. जणू वस्तूही संग्रहाच्या आणि प्राणीही. मुंबईकरांनी हा शब्द पाटीवरच राहू दिला आणि भायखळ्याला जाताना ‘राणीच्या बागेत जातो’ असेच म्हटले. सांगायचा मुद्दा असा, की ज्ञानासाठी उभारलेल्या या जागेला लोकांनी कुठल्याच भाषेत ज्ञानाचे नाव दिले नाही. पक्षी, जादू, राणी, बाग हेच शब्द टिकले.

अलीपूरच्या आधीही कलकत्त्याला प्राणी होतेच. बराकपूरला गव्हर्नर जनरल वेलस्लीने १८००च्या सुमारास आपल्या उन्हाळी निवासात प्राणी ठेवायला सुरुवात केली. तिथे काही काळ फ्रान्सिस बुकॅनन प्राण्यांचा अभ्यास करत होता. चोरबागानात राजेंद्र मल्लिकांच्या मार्बल पॅलेसमध्ये पक्षी आणि हरणे होती. पण खरा थाट होता शहराच्या दक्षिण टोकाला, मटियाबुर्जात. १८५६ मध्ये अवधचे राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह तिथे येऊन राहिले आणि हुगळीच्या काठी त्यांनी आपले हरवलेले लखनौ पुन्हा उभारले. त्याचे वर्णन अब्दुल हलीम शरर यांच्या ‘गुजिश्ता लखनऊ’त आहे. शरर यांचे लहानपणच मटियाबुर्जात गेले होते, त्यामुळे त्यांच्या सांगण्यात ऐकीव गोष्टींबरोबर डोळ्यांनी पाहिलेलेही पुष्कळ आहे.

शरर सांगतात ती सापांची व्यवस्था मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. महालासमोर एक लांबरुंद, खोल हौद. त्याच्या भिंती घोटून इतक्या गुळगुळीत केलेल्या, की साप वर चढू शकणार नाही. मधोमध एक कृत्रिम डोंगर, त्यात नळ खेळवलेले, माथ्यावरून झरे वाहताहेत. या डोंगरावर मोठमोठे साप मोकळे. ते चढतात, उतरतात, पाण्यात पोहतात, सोडलेल्या बेडकांच्या मागे धावतात. आणि माणसे काठावर निर्धास्त उभी राहून पाहतात. सळई नाही, जाळी नाही, काच नाही. शरर अभिमानाने सांगतात, की सापांना असे ठेवण्याची ही पहिलीच तऱ्हा आणि युरोपातले प्रवासी येऊन ती पाहून जात.

‘पहिलीच’ या शब्दाबाबत थोडी सावधगिरी बाळगू. आठवणींचे पुस्तक आहे, आणि शरर यांचे लखनौवर प्रेम होते. पण प्राणिसंग्रहालयांचा इतिहास लिहिणारे सळया काढून टाकल्याचे श्रेय हमखास हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकला देतात. त्याने खंदक आणि कृत्रिम खडक यांच्या साहाय्याने प्राणी उघड्यावर दाखवण्याच्या कल्पनेचे पेटंट १८९६ मध्ये घेतले आणि १९०७ मध्ये श्टेलिंगेनला तशी अख्खी बाग उघडली. वाजिद अली शाह १८८७ मध्ये वारले. म्हणजे मटियाबुर्जचा डोंगर त्या पेटंटच्या किमान नऊ वर्षे आधीचा. हागेनबेकचे नाव धंद्यामुळे राहिले. तो प्राण्यांचा व्यापारी होता आणि जगभरच्या बागांना माल पुरवत होता. नवाबसाहेब कर्ज करून प्राणी विकत घेणारे गिऱ्हाईक होते. त्यांच्या मृत्यूनंतर प्राण्यांचा लिलाव झाला, महाल पाडले गेले, डोंगरही गेला. शरर यांनी नोंदवलेली आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडते. संग्रहात कोणताच प्राणी कमी पडू नये म्हणून नवाबांनी गाढवांची जोडीही आणून कुरणात सोडली होती. दुर्मीळ तेवढेच दाखवायचे, हा नियम त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

अलीपूर हे निराळे प्रकरण. कलकत्त्याला प्राण्यांची सार्वजनिक बाग हवी असे जोसेफ फेररने १८६७ मध्ये मांडले. १८७३ मध्ये कार्ल लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत अभियंत्याने तो विषय पुन्हा काढला. त्याचे स्वतःचे पाळलेले प्राणी हेच बागेचे पहिले भांडवल ठरले. जागा मिळवून दिली ती बंगालचे नायब राज्यपाल सर रिचर्ड टेंपल यांनी. पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले तेच हे टेंपल. जागा होती त्यांच्या निवासस्थानाच्या, बेल्व्हेडियरच्या समोर. बेल्व्हेडियरच्या आवारात आज राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे बंगाली नियतकालिके चाळत बसणाऱ्या माझ्यासारख्यांना सुट्टीच्या दिवशी समोरच्या फाटकापाशी किती गर्दी असते ते चांगले ठाऊक असते.

इमारती देणग्यांतून उभ्या राहिल्या आणि त्यांची नावे वाचली तर तेव्हाच्या बंगालची वर्गणीदारांची यादीच वाचल्यासारखे होते: बर्दवान हाउस, एझ्रा हाउस, डुमराँव हाउस, मल्लिक हाउस. महाराजे, ज्यू व्यापारी, बिहारचे संस्थानिक, चोरबागानचे धनिक. वाघाचे उघडे आवार मैमनसिंहच्या राजा सूर्यकांत आचार्यांच्या नावाचे. देवळाच्या पायरीवर किंवा धर्मशाळेच्या भिंतीवर नाव कोरून घेणारा समाज पिंजऱ्यावरही नाव कोरून घेतो, यात नवल नाही. मात्र त्यामुळे घराचा आराखडा ठरताना आतल्या जनावरापेक्षा बाहेरून दिसणारा दर्शनी भाग वरचढ ठरे.

आत राहणाऱ्याचा विचार करणारा माणूस पगारी नोकरांतून आला. रामब्रह्म सान्याल हे मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना शिक्षण सोडावे लागले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज किंग बागेच्या व्यवस्थापन समितीवर होते. त्यांनी १८७६ मध्ये या विद्यार्थ्याला बागेत मजुरांवर देखरेख करायला लावले. काही वर्षांतच सान्याल बागेचे अधीक्षक झाले, पहिले भारतीय अधीक्षक, आणि १९०८ मध्ये वारले तोवर बाग आणि ते असे समीकरणच होते. रोज नोंदी ठेवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. कोण काय खाते, कोण काय टाकते, कोणाला पावसाळा बाधतो, कोणाच्या पायाला दमट फरशीने जखमा होतात. या नोंदींतून १८९२ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. खालच्या बंगालात बंदिवासातील प्राण्यांची व्यवस्था कशी ठेवावी, याची ती हातपुस्तिका. ‘नेचर’ने तिची दखल घेतली. अमेरिकेत ली क्रँडल यांचा सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ १९६४ मध्ये आला, तोवर या कामाला हाताशी ठेवावे असे पुस्तक म्हणून तिचे नाव होते.

या पुस्तकाची काही पाने मी मराठीत करून पाहते आहे. शीर्षकातल्या एका शब्दापाशीच अडायला होते. मी वर ‘बंदिवास’ लिहिले खरे, पण त्यात गुन्हा आणि शिक्षा येते. ‘पाळलेले’ म्हणावे तर त्यात माया येते आणि सान्याल मायेचे शब्द वापरत नाहीत. ते घराची उंची सांगतात, गवताचे प्रकार सांगतात, जुलाबावरचे औषध सांगतात. त्यांची काळजी त्या तपशिलातच आहे. अनुवादात एक विशेषण जादा पडले तरी ते पान खोटे वाटू लागते.

१८८९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली सुमात्रा गेंड्याच्या मादीला पिल्लू झाले. दोन शिंगांचा, अंगावर केस असलेला हा गेंडा सर्व गेंड्यांत लहान आणि आज सर्वांत दुर्मीळ गेंड्यांपैकी एक. बागेतच गर्भधारणा होऊन जिवंत पिल्लू जन्मण्याची ती घटना. पुढची तशी घटना अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात घडली, १३ सप्टेंबर २००१ रोजी. मधे ११२ वर्षे गेली. सिनसिनाटीत सोनोग्राफी होती, संप्रेरकांच्या चाचण्या होत्या, आणि त्या आधी अनेक गर्भ पडले होते. त्या नराचे नाव अंदालास. तो २००७ मध्ये सुमात्राला परत नेण्यात आला आणि २०१२ मध्ये तिथल्या अभयारण्यात बाप झाला. कलकत्त्याच्या गेंड्यांचा वंश मात्र पुढे चालला नाही. सान्यालांच्या काळात सुमात्रा गेंडा दुर्मीळ झाला नव्हता. जंगलातून दुसरा आणता येत होता, म्हणून पिल्लाची नवलाई झाली आणि विषय तिथेच राहिला.

याच सान्यालांकडे १८९८च्या सुमारास विवेकानंद आले, बरोबर भगिनी निवेदिता, योगानंद आणि शरच्चंद्र चक्रवर्ती हा शिष्य. सगळे शिष्याने लिहून ठेवले आहे. सान्यालांनी बाग फिरवून दाखवली, वाघसिंहांना समोर खाऊ घालवले, मग चहा-फराळ झाला आणि बोलणे डार्विनवर आले. जीवनकलहाने प्राण्यांचा विकास समजतो, माणसाचा समजत नाही, असे विवेकानंदांचे म्हणणे आणि त्यासाठी त्यांचा आधार पतंजलीचा. सान्याल ऐकून घेतात, अधूनमधून विचारतात. रोज सकाळी मेलेल्या आणि जन्मलेल्या जिवांची नोंद करणाऱ्या या माणसाला मनातून ते किती पटले असेल, कोण जाणे! याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडते. निवेदितांचा हात लागलेला फराळ आणि चहा घ्यायला शिष्य कचरतो. विवेकानंद त्याला पुन्हा पुन्हा आग्रह करतात, स्वतः पाणी पिऊन उरलेले त्याला प्यायला देतात. पिंजऱ्यांच्या शेजारी बसून माणसाच्या जातींचा हा प्रश्न असा सुटतो, आणि लिहिणारा शिष्य त्यात स्वतःची बाजू लपवत नाही, हे विशेष.

विसाव्या शतकात बागेला गर्दीची चटक लागली. १९७१ मध्ये वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातून रुद्राणी जन्मली, १९७९ मध्ये तिला आशियाई सिंहापासून पिल्ले झाली. त्यांतला क्युबानाकॅन हा प्रचंड नर १९९१ मध्ये मेला. लोक रांगा लावून पाहायला येत. शास्त्राला त्याचा उपयोग नव्हता, निसर्गात त्याला जागा नव्हती. ते शुद्ध प्रदर्शन होते, आणि सान्यालांच्या बागेत ते व्हावे याचे मला वाईट वाटते. पुढे सरकारने असे संकर थांबवले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. आता आवार किती मोठे, खंदक किती रुंद, याला नियम आहेत. नवे पाहुणे अजून येतात, मुंबईतही येतात. २०१६ मध्ये राणीच्या बागेत सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांतला एक तीन महिन्यांत मेला, आणि २०१७ मध्ये उरलेल्यांना पाहायला मुंबई लोटली. थंडगार काचघर बांधताना किती खल झाला! पाहणाऱ्यांचे मात्र आधी होते तेच चालू: काचेवर टकटक, शिट्ट्या, मुलांना खांद्यावर घेणे.

अलीपूरला सर्वांत मोठी गर्दी नाताळात आणि १ जानेवारीला होते. १९९६ सालच्या १ जानेवारीला, म्हणजे बागेला बरोबर १२० वर्षे झाली त्या दिवशी, दोन तरुण शिवा नावाच्या वाघाच्या आवारात शिरले. त्यांच्या हातात हार होता. तो त्यांना वाघाच्या गळ्यात घालायचा होता. एक जण मारला गेला, दुसरा जखमी झाला. वर्तमानपत्रांनी त्यांना मूर्ख आणि दारुडे ठरवून विषय संपवला. दारू असेलही. पण दारूच्या नशेत लोक दगड मारतात, काठी खुपसतात, जळती विडी फेकतात; हे सगळे आपल्या प्राणिसंग्रहालयांत रोज घडते. हे दोघे दुकानात थांबून फुलांचा हार विकत घेऊन आले होते. देवीच्या वाहनाला हार घालावा हे त्यांना सुचले आणि वाघाचे नाव तर पाटीवर शिवाच लिहिलेले.

फाटकातून आत आले की पहिल्या वळणापर्यंत बहुतेक पोरे मोठ्यांना एकच विचारतात, “वाघ कुठे आहे?” हिवाळ्यात मधल्या तळ्यावर बदके उतरलेली असतात. पूर्वी फार यायची, आता कमी येतात. त्यांना कोणी विकत घेतलेले नसते, नोंदवहीत त्यांचे नाव नसते, त्यांच्यासमोर पाटीही नसते. लोक तळ्याला वळसा घालून मैमनसिंहच्या राजाच्या नावाच्या आवाराकडे निघतात.