गोधडीचा टाका आणि शिवणयंत्र : घरगुती मुक्त शिलाईचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील वस्त्रोद्योगाचा इतिहास म्हटला की गिरण्या, हातमाग, कामगार चळवळ आणि संप हे विषय प्रामुख्याने समोर येतात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणी स्थापन केली तेव्हापासून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपापर्यंतच्या कालखंडावर अभ्यासकांनी विपुल लेखन केले आहे. परंतु गिरणीतून बाहेर पडलेले कापड अंगावर विरल्यानंतर त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला. या प्रश्नाचे उत्तर असंख्य घरांत गोधडी हेच होते. प्रस्तुत लेखात गोधडीच्या शिलाईत शिवणयंत्रामुळे घडलेल्या बदलाचा, त्यातही यंत्रावर कापड हाताने मुक्तपणे फिरवून नक्षी उमटविण्याच्या प्रयोगांचा विचार करावयाचा आहे. हाताची ती अस्सल गोधडी आणि यंत्राची ती नक्कल, असे जे समीकरण सर्रास मांडले जाते, ते या विवेचनातून तपासून पाहावे असा हेतू आहे.

या विचारासाठी शीळफाटा परिसर सोयीचा आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता येथे एकत्र येतात. उत्तरेस भिवंडीचे यंत्रमाग आहेत, तर ईशान्येस तयार कपड्यांच्या, विशेषतः जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध असलेले उल्हासनगर. मूळच्या आगरी गावांभोवती गेल्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आणि मुंबईच्या गिरणगावातून आलेली कुटुंबे वसली. त्यामुळे देशावरची ‘वाकळ’ आणि अन्यत्रची ‘गोधडी’ येथे शेजारी शेजारी नांदतात. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या आणि १९४९ पासून उल्हासनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील सिंधी समाजाची ‘रल्ली’ ही त्यांचीच दूरची बहीण.

गोधडीची परंपरा :

ठिगळांच्या वस्त्राला संस्कृतात ‘कंथा’ हा शब्द आहे आणि तो विरक्तांच्या वेषाशी जोडलेला आहे. अगदी विसाव्या शतकातही गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरून हीच खूण जपली. गृहस्थाच्या घरात मात्र गोधडी वैराग्याची नव्हती, काटकसरीची होती. जुनी नऊवारी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरायची, कडा ताणून त्यावर वजन ठेवायचे आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा घालायचा, ही तिची सर्वसाधारण रीत. सुगी आटोपल्यानंतरच्या उन्हाळ्यात हे काम निघे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ देखील अशीच कडेकडून मध्याकडे शिवली जाते. तिच्या चारही कोपऱ्यांवर त्या घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हा अपवाद वगळता या विषयाकडे विद्यापीठीय अभ्यासाचे लक्ष फारसे गेलेले नाही. यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. गोधडी वापरून संपते. जी संग्रहालयात पोहोचते ती बहुधा कोणी न वापरलेली असते.

शिवणयंत्राचा प्रवेश :

आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात ते यंत्र भारतात आले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात शिवणयंत्र, सायकल, टंकलेखन यंत्र अशा दैनंदिन यंत्रांतून भारतीय आधुनिकतेचा इतिहास मांडला आहे. यंत्रसंस्कृतीचे कठोर टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले, ही बाब लक्षणीय आहे. पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते निर्माण झाले, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रांची निर्मिती सुरू झाल्यावर शिवणयंत्र मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आले.

तथापि यंत्राने गोधडीचे स्वरूप लगेच बदलले नाही. यंत्राच्या दाबपायाखालचे दाते कापड सरळ पुढे ढकलतात. सदऱ्याच्या शिवणीस ते उपयुक्त, पण सहा-सात थरांच्या गोधडीत वरचा थर मागे राहतो आणि खालचा पुढे सरकतो. परिणामी चुण्या पडतात. १९७०-८० नंतर सिंथेटिक साड्यांचे प्रमाण वाढल्यावर ही अडचण अधिकच जाणवू लागली, कारण ते कापड सुताप्रमाणे एकमेकांस धरून राहत नाही. आज जुन्या साड्यांच्या गोधड्या यंत्रावर शिवून देणारे टेम्पो गावोगाव फिरतात. त्यांच्या अनेक सुयांच्या यंत्रांवर समांतर रेषांची गोधडी थोड्या वेळात तयार होते. ती ऊब देते, टिकते, पण तिच्यावर शिवणाऱ्याचा हात ओळखू येत नाही.

मुक्त शिलाई :

मुक्त शिलाईत नेमके हे दाते निकामी केले जातात. काही यंत्रांत ते खाली उतरविता येतात, काहींत त्यांवर पत्रा बसवावा लागतो. दाबपायाऐवजी रफूचा पाय लावला की कापड कोणत्याही दिशेस सरकविता येते. सुईची गती यंत्राकडे आणि दिशा हाताकडे, अशी श्रमविभागणी होते. ही युक्ती नवी नाही. सिंगर कंपनीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच यंत्रावरील भरतकामाची मार्गदर्शक पुस्तके काढली होती आणि आपल्याकडील शिवणवर्गांतही लाकडी रिंगेत कापड ताणून हेच काम शिकविले जात असे. रजईवर मात्र तिला प्रतिष्ठा मिळण्यास वेळ लागला. अमेरिकेत पदुका येथील स्पर्धेत १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या रजईस सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा हातशिलाईच्या पुरस्कर्त्यांत मोठी नाराजी पसरली. म्हणजे हात आणि यंत्र हा वाद केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही.

घरगुती गोधडीवर हा प्रयोग करताना नक्षीची निवड कळीची ठरते. रेषा शक्यतो न तुटता पुढे गेली पाहिजे, कारण प्रत्येक तुटीवर दोरा गाठवावा लागतो. शिवाय घरगुती यंत्राच्या दांड्याखाली जागा अपुरी असल्याने गोधडीची गुंडाळी करून ती फिरवावी लागते, म्हणून लांब सरळ रेषेपेक्षा लहान वळणे साधतात. पाश्चात्त्य पुस्तकांतील नागमोडी रेषा व पिसांचे आकार येथे सहज उतरतात. परंतु आपल्या परिसरातील नक्ष्या पडताळून पाहणे प्रस्तुत लेखकास अधिक अर्थपूर्ण वाटते. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी जगभर पोहोचविलेल्या वारली चित्रांतील तारपा नृत्याचे वेटोळे मुक्त शिलाईस अत्यंत अनुकूल आहे. आत जाणाऱ्या रेषेला लागूनच बाहेर येणारी रेषा काढता येते. त्याच चित्रांतील त्रिकोणी मानवाकृती मात्र फसतात, कारण दोन त्रिकोण जेथे मिळतात त्या बिंदूवर टाके साचतात. ठिपक्यांच्या रांगोळीचेही तसेच. कागदावर ती अखंड भासते, पण तिच्यातील बरेच आकार सुटे असतात. शंख आणि वेल तेवढे सुटतात.

शिकण्याच्या दृष्टीने पायाने चालवायचे जुने यंत्र विजेच्या यंत्राहून सरस म्हणावे लागेल. पायाची लय आणि हाताची चाल एकाच देहात असल्याने वळणावर दोन्ही आपोआप मंदावतात. विजेची मोटर तशी थांबत नाही. हात वेगाने सरकला तर टाके लांबतात आणि खालचा दोरा ओढला जातो.

अभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचे साधन हाती येते. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आळीपाळीने दिसते. टेम्पोतील यंत्राची शिवण दोन्ही बाजूंनी एकसारखी असते. मुक्त शिलाईच्या गोधडीची पाठ मात्र बोलकी असते. वळणावर दाट झालेले टाके, दोरा संपला तेथली गाठ, घाईत लांबलेली रेषा आणि सरावाने पुढे सावरलेली रेषा, हे सर्व तेथे क्रमाने उमटलेले असते. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत विद्यार्थी गोधड्यांची छायाचित्रे घेतात तेव्हा ती बहुधा दर्शनी बाजूची असतात. पाठीचे छायाचित्र, थरांची संख्या, प्रत्येक थराचे कापड आणि शिवण कोठून सुरू झाली याची नोंद, एवढी माहिती प्रत्येक गोधडीमागे मिळाली, तरी शिवणाऱ्या स्त्रीच्या कामाचा क्रम टाक्यागणिक लावता येईल.