पंचहौदातला चहा आणि आमची आत्याबाई

गुरुवार पेठेतल्या पंचहौदाचं नाव काढलं की पुण्यातला जाणकार माणूस हटकून चहावर येतो. १८९० च्या ऑक्टोबरात तिथल्या मिशनात व्याख्यान झालं, मागून चहा-बिस्किटं आली, आणि त्या बैठकीला न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी शहरातली मातब्बर मंडळी होती. कुणी चहा प्याले, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, सगळी नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली.

आमच्या धायरीच्या घरात मात्र पंचहौद म्हणजे शाळा. चहाची हकिकत मी पुस्तकात वाचली आणि आजीला विचारली, तर तिला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. "च्यापायी एवढं?" म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. तिला माहीत होती ती तिची आत्या, सगळ्या घराची आत्याबाई. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. गुरुवार पेठेत मावशीकडे धुण्याभांड्याला म्हणून ठेवलेली. भाजीची गाडी मंडईला निघाली की भाऊ तिला चार कोसांवर भेटून यायचा. तीच पोर शेजारच्या 'सायबिणींच्या' वाड्यात जाऊन शिवण आणि बाराखडी शिकून आली.

या सायबिणी म्हणजे इंग्लंडातल्या वाँटेजच्या सिस्टर्स. अँग्लिकन, म्हणजे बिशपांच्या चर्चच्या. कॅम्पात याच चर्चच्या परंपरेतल्या दोन शाळा आधीच निघाल्या होत्या, १८६४ ची बिशप्स आणि १८६६ ची सेंट मेरीज. पण त्या साहेबांच्या आणि साहेबी वळणाच्या घरांच्या. १८७७ च्या सुमारास आलेल्या वाँटेजच्या बायकांनी पेठेतही काम काढलं, पवित्र नाम देवालयाच्या आसऱ्यानं. देवळाचा घंटामनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा उभा आहे. आत्याबाईंना घड्याळ कळत नव्हतं, घंटा कळायची, एवढं आजी नक्की सांगायची.

याच सिस्टरांशी ओळख होऊन पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या आणि तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचण्यासारखा आहे. धर्म घेतला, पण कुणाच्या हुकमात राहायचं रमाबाईंनी साफ नाकारलं. मिशनच्या बायकांना हे जड गेलं असणार. पुण्याला तर फक्त बाप्तिस्मा दिसला.

म्हणून भीती होतीच, आणि ती उगीच नव्हती. मिशन धर्म सांगायलाच आलं होतं, शाळा ही त्याची वाट होती, हे लपवण्यात अर्थ नाही. १८८४ मध्ये रानडे आदी मंडळींनी हुजूरपागा काढली ती मुलींना आपल्या माणसांच्या हाताखाली शिकता यावं म्हणूनही. तिथं काय शिकवावं यावरून 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, ते वेगळं. पण हुजूरपागेच्या पायरीवर आमच्यासारख्या घरातली धुणंभांडी करणारी विधवा पोर कोण चढवणार होतं? पंचहौदात तिला कुणी जात विचारली नाही, एवढं खरं. माझ्या मते त्या मिशनची खरी कमाई ही, चहा नव्हे.

१८९७ चं प्लेगचं साल आलं. पेठा ओस पडल्या, लोक शहराबाहेर झोपड्या घालून राहिले, आमच्याही रानात पाहुणे उतरले. आत्याबाई त्याच वर्षी परत आली ती कायमची. गावात कुजबूज सुरू झाली, पोर बाटली. पणजीनं पारावर जाऊन सुनावलं म्हणे, "बाटली न्हाय, शिकली." हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं, कुणी परीक्षेत पास झालं तरी.

इथून पुढं आमच्या म्हाताऱ्यांचं एकमत नाही. चुलत आजोबांच्या मते आत्याबाईला फार तर सही करता यायची, बाकी सगळा बायकांनी चढवलेला मुलामा. आजीचं सांगणं निराळं. पहिल्या महायुद्धात आसपासच्या गावांतली पोरं पलटणीत गेली, त्यांची पत्रं बसऱ्याहून यायची. पत्र पाटलाकडं नेलं की सगळ्या गावाला कळायचं. म्हणून बायका संध्याकाळी धारेश्वराच्या देवळामागं आत्याबाईकडं यायच्या आणि ती हलक्या आवाजात वाचून दाखवायची. वाईट बातमी असली तर आधी स्वतः पुरती वाचायची, मग पाणी मागायची. तिनं पाणी मागितलं की समोरच्या बाईला कळायचंच. ही तपशिलाची गोष्ट कुणी रचली असेल असं मला वाटत नाही. मी आजीच्या बाजूचा.

पुढं चर्चही बदललं. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं आणि अँग्लिकन मंडळी इतर पंथांबरोबर त्यात सामील झाली. धायरीही बदलली. भाजीची रानं गेली, इमारती आल्या, २०१७ मध्ये गाव पूर्णपणे महापालिकेत गेलं. धायरी फाट्यापासून देवळापर्यंत आता इंग्रजी शाळांच्या पाट्या, आणि त्यातली बरीचशी नावं संतांची, देशी आणि विलायती दोन्ही.

२०२७ च्या आसपास वाँटेजच्या सिस्टर्स पुण्यात आल्याला दीडशे वर्षं होतील. त्या निमित्तानं भाषणं होतील, ग्रंथ निघतील, त्यात मोठी नावं असतीलच. त्यांना पुन्हा उजळा द्यायची फारशी गरज नाही. तुमच्या घरात पंचहौदात शिकलेली पणजी, आत्या, मावशी कुणी असेल तर तिचं नाव, तिच्या हातचं शिवणकाम, एखादं बक्षिसाचं पुस्तक हाती लागतंय का बघा. आणि ज्यांना आठवतंय ते म्हातारे अजून घरात असतील, तर या दिवाळीत त्यांच्यापाशी वही घेऊन बसा.