आठ पायांचं जनावर

चित्रकलेच्या परीक्षेत शरभ काढायला सांगत नाहीत, हे परीक्षार्थींचं भाग्यच म्हणायचं. एक बादली, दोन कांदे, फार तर एखादी किटली, एवढ्यावर भागतं. शरभ म्हणजे पुराणातलं सिंहाच्या अंगाचं, आठ पायांचं आणि वर पंख असलेलं प्रकरण. नरसिंहाचा राग काही केल्या शमेना, तेव्हा शंकराने हे रूप घेतलं अशी कथा. पुराणकारांचं काय, ते सांगून मोकळे झाले. दगडात काढायची पाळी आली ती पाथरवटावर.

आमच्या भाच्यालाही असली जनावरं काढायचा नाद आहे. त्याच्या एका सिंहाला पाठीवर पंख होते. पाकिटावर तिकीट चिकटवावं तसे.

"हे हलणार कसे रे?" मी विचारलं.

"मामा, ते काल्पनिक आहे."

"म्हणून काय त्याला खांदा नको?"

प्रश्न चिकटखोर होता, पण रास्त होता. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच. तोच खांदा, तेच कोपर, तेच मनगट. चार पायांच्या सिंहाला पंख द्यायचे तर फऱ्याची आणखी एक जोडी कुठेतरी बसवायला हवी, छातीचं हाड होडीच्या कण्यासारखं पुढे यायला हवं आणि त्यावर पंख ओढणारं भरघोस मांस हवं. नाहीतर ते जनावर उडत नाही. नुसता वारा घेत बसतं. लिओनार्दो द विंचीने याबाबत फार व्यवहारी सल्ला दिला होता. कल्पनेतला प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा एकेक अवयव खऱ्या प्राण्याचा घ्या. ड्रॅगनला डोकं कुत्र्याचं द्या, डोळे मांजराचे द्या. थोडक्यात, उसनवारी करा, पण सावकार खरा असू द्या.

आमच्या पाथरवटांनी लिओनार्दोचं नावही ऐकलं नसणार. त्यांचं काम पाहायला पन्हाळ्याला जावं. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर. माणसं तिथे झुणका-भाकर खातात, १६६० साली महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले ते आठवून गहिवरतात (गहिवरावं असंच ते आहे) आणि अंधार पडायच्या आत खाली उतरतात. तीन दरवाज्यापाशीही थांबतात; पण पाठ दगडाकडे आणि तोंड मोबाइलकडे. मान वर केली तर आतल्या दरवाज्यावर फारसी शिलालेख दिसतो. पहिल्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानीत, हिजरी ९५४ म्हणजे साधारण १५४७ साली, हे बांधकाम झालं असं तो सांगतो. त्याच्या दोन बाजूंना जनावरं कोरली आहेत. जाणकार त्यांना शरभ म्हणतात.

किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हे जनावर येतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचे चार पाय आणि दोन्ही पंख वाटेतच कुठेतरी गळालेले असतात. पंडितांच्या दृष्टीने हा घोर अपराध. मला यात पाथरवटाचं शहाणपण दिसतं. आठ पाय त्याने पाहिले असतील ते कोळ्याचे. दबा धरून बसलेलं मांजर मात्र रोज घरात पाहिलेलं. त्याने पोथी मिटली आणि मांजर काढलं. अंग मांजराचं, तोंड सिंहाचं, शेपटीला ऐटदार वळण.

राहिला आकाराचा प्रश्न. दोन हातांच्या दगडात जनावर प्रचंड कसं दाखवायचं? तर शेजारी हत्ती काढायचा, आणि तो पिटुकला काढायचा. हत्ती केवढा असतो हे पोराटोरांनाही ठाऊक. त्यामुळे डोळा आपणच हिशेब करतो. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरच्या जनावराने असले हत्ती पंजांत उंदरासारखे धरले आहेत. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेलं श्वापद आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडतो आहे. प्रमाणबद्धता ही काही निरागस गोष्ट नव्हे. हत्ती कोण आणि पंजा कुणाचा, हे दरवाज्याखालून जाणाऱ्या शेजारच्या वकिलाला कुणी समजावून सांगावं लागत नसे.

पुढे पन्हाळा मराठ्यांकडे आला. घर बदललं की पहिली कुऱ्हाड जुन्या मालकाच्या पाटीवर पडते. इथे फारसी लेख राहिला, जनावरंही राहिली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आला, म्हणजे ती जनावरंही आलीच. मराठ्यांनी आपली भर घातली ती दरवाज्याच्या पट्टीवर: गणपती कोरला.

भाच्याला मी तिथेच जास्त वेळ उभा केला. हत्तीचं डोकं माणसाच्या धडावर बसवायचं म्हणजे शरभाहून अवघड काम. पण सुपासारखे कान दोन्ही खांद्यांवर येतात, सोंड पुढून उतरते आणि जिथे नेमका सांधा जुळत नाही ती मानच झाकली जाते. एवढं जड डोकं पेलायला खाली तेवढंच भरदार पोट दिलेलं, आणि बसणं अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखं, ऐसपैस. कुंभार गल्लीत दर भाद्रपदात या मूर्ती घडतात आणि लाखो लोक त्या निरखून पाहून घरी नेतात. गणपतीची मान कुठे आहे, असं अजून कुणी कुंभाराला विचारलेलं नाही.