कारवानीची धाव

आमच्या आज्याकडं एक कारवानी कुत्री होती. लांब तोंड, बारीक कंबर, बरगड्या मोजाव्यात अशा. पाहुणे विचारायचे, "उपाशी ठेवता व्हय हिला?"

तर जातच तशी. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. नजरेनं सावज हेरायचं आणि पळून गाठायचं, यासाठीच ती वाढवलेली. पुढं वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद झाली. बरंच झालं. पण कायदा तिच्या पायांना कोण सांगणार? दावणीला बांधली तर तिनं दोर कुरतडला, खुंट्याभोवती खड्डा पाडला, शेवटी भाकरीला तोंड लावीना. मग आजा रोज पहाटे तिला मोकळ्या रानात नेऊन सोडायचा. मनसोक्त पळून आली, की दिवसभर उंबऱ्याशी गप पडून राहायची.

२००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. तोवर आमच्या माळावर ऊस आला होता. तिकिटावर जागा मिळाली. पळायची जागा मात्र गेली. कारवानी पाळायची तर आधी रान बघावं, मग पिल्लू.